बाकी दीड रुपया

कूलर बंद केल्याशिवाय हे काम होत नाही.
मे महिना, इंदोरा, रात्रीचे पावणेदोन.
खसाच्या ताट्या अजून ठिबकताहेत,
आणि मी कपाळावरचा घाम दंडानं पुसते,
कारण बोटांत पांढरे हातमोजे आहेत,
समोरच्या बँडवाल्या रंगारींकडून मागून आणलेले.

पट्ट्या न्हाणीघरात टांगा, म्हणतात जाणकार,
गरम पाणी सोडा, वाफेनं धूळ खाली बसते.
आमच्याकडे गीझर लागत नाही.
नळ सोडला की गच्चीवरची टाकी
दिवसभराचं ऊन ओकते.

पाकिटावर बाबांचं अक्षर, डावीकडे कललेलं:
शेंद्रे, तीन कॉपी.
पिल्लेवान, सहा.
मडावी, पैसे पोचले.
ढोक, बाकी दीड रुपया.

पट्टी उजेडासमोर धरली
तर चेहरे काळे आणि केस पांढरेशुभ्र.
विशी-बाविशीतली पोरं,
रेल्वेच्या, पोस्टाच्या, कुठल्याही अर्जाला
फोटो चिकटवायला आलेली.
आज असतील ती अशीच, पांढऱ्या केसांची.
मी एक बटण दाबते
आणि चाळीस वर्षं मागे जाऊन
सगळ्यांच्या डोक्यावर पुन्हा तेल चमकतं.

यंत्रानं विचारलं, धूळ काढू?
मी म्हटलं, काढ.
शेंद्रेचा अर्धा गाल गेला. भुवई गेली.
उरलं ते मेणासारखं, गुळगुळीत, कुणाचंच नाही.
मग माहितीपुस्तिका उघडली. तिसाव्या पानावर बारीक अक्षरात:
कृष्णधवल फिल्मसाठी हा पर्याय बंद ठेवावा,
तिच्यातली चांदीच यंत्राला धूळ वाटते.

बंद ठेवला.
औषधाच्या दुकानातून आणलेला रबरी फुगा,
तान्ह्या बाळाचं नाक साफ करायचा,
त्यानं एकेक कण उडवते.
उरलेले पडद्यावर, हातानं.
एका चेहऱ्याला वीस मिनिटं.
पिल्लेवानच्या ओठावरचा तीळ दोनदा पुसला,
दोनदा परत आणला.

अकराव्या चेहऱ्याला माझ्या लक्षात आलं
की शर्ट एकच आहे.
वरून तिसऱ्या बटणाचा दोरा वेगळा,
कॉलरला डाव्या टोकाशी इस्त्रीचा डाग.
स्टुडिओत आरशाशेजारी खिळ्याला असायचा तो,
आई दर रविवारी नीळ घालून धुवायची.
शेंद्रेच्या अंगात आखूड,
मडावीच्या अंगात पिशवीसारखा,
मागून चिमटे लावून आवळलेला.
समोरून काही कळत नाही.
समोरून सगळे साहेब.

बाबांचा स्वतःचा फोटो घरात नाही.
वेळ नव्हता, किंवा रोल महाग होता,
किंवा आम्ही कुणी म्हटलंच नाही.

शेवटची पट्टी, चौथी फ्रेम, ढोक.
यंत्र आपणहून कडा शोधतं, आपणहून कापतं,
आणि ढोकची हनुवटी दर वेळी अर्धवट येत होती.
मी माउसनं चौकट खाली ओढली.
खालून दोन बोटं आली आहेत फ्रेममध्ये,
ढोकची हनुवटी उचलणारी.
मदतनीस देवचंदनं घाईत बटण दाबलं असणार.
नखांच्या कडा हायपोनं काळवंडलेल्या,
मनगटावर घड्याळाचा पट्टा, तुटून दोऱ्यानं शिवलेला.
वाया गेलेली फ्रेम. कोपऱ्याला बाबांनीच कात्रीनं खाच मारलेली.

आवाज मात्र फिल्मवर येत नाही.
तो मला पाठ आहे:
मान वर घे बे, काऊन लाजून राहिला,
नोकरी मिळून राहिली तुले!

मिळाली का, ढोक?
दीड रुपया राहू द्या.

ही फ्रेम साफ केली नाही.
पट्ट्यावर एक केस आहे, बहुधा धुताना चिकटलेला,
माझा असेल, आईचा असेल, राहिला तिथंच.
फाईल जपून ठेवली. नाव काय द्यावं
सुचेना, म्हणून पाकिटावरचंच दिलं.

मग कूलर लावला. पंपानं आधी घरघर केली,
मग पाणी चढलं.
हातमोजे धुऊन दोरीवर टाकले.
रंगारींना सकाळी परत हवेत,
जरीपटक्यात वरात आहे त्यांची, आठच्या आत.